आमची वाटचाल: जुनी नक्षी, नवा उजेड

जुन्या घराचा सागवानी जिना, रंगीत काचांची तावदानं, छताची कंगणी (भिंत आणि छत मिळतात तिथली नक्षीदार पट्टी) जपायची आणि त्यातच आजचं स्वयंपाकघर, आजचे दिवे बसवायचे, हे आमचं काम. सुरुवात मी आणि भागीदार मिस्त्रींनी केली. त्यांचा लाकडी रंधा आजही माझ्या टेबलावर असतो. मुठीपाशी अंगठ्याएवढा खळगा पडलाय.

तिसऱ्या वर्षी बुडता बुडता वाचलो. एका मोठ्या घराच्या चुन्याच्या भिंतींना खालून दोन हात पोपडे आले होते. आम्ही म्हटलं, आधी ओलीचं मूळ शोधू, भिंत वाळू दे, मग चुन्याचाच गिलावा करू. चुना ओल बाहेर सोडतो. दुसरा ठेकेदार आला, "३ आठवड्यांत देतो" म्हणाला आणि काम घेऊन गेला. सिमेंट थापलं, नक्षीखाली फॉल्स सीलिंग, त्यात ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पांढरेफटक दिवे. तिथल्या जिन्याचं काम आम्ही आधी केलं होतं, त्याचं बिल आजतागायत मिळालेलं नाही. वर त्याच जिन्याचे फोटो त्या ठेकेदाराने आपलं काम म्हणून छापले! त्या कठड्यावर मिस्त्रींनी १८ दिवस चपडीच्या (लाखेच्या) पॉलिशची पुरचुंडी फिरवली होती. पुढे कोंडलेली ओल सिमेंटच्याही वर चढली, तेव्हा आम्हालाच फोन आला. मी गेलो नाही.

त्या दिवसांत एका काकूंनी तारलं. त्यांची एकच खिडकी दुरुस्त करायची होती. मिस्त्रींनी झडप बदलली नाही. कुजलेली खालची पट्टी तेवढी काढली आणि नवी कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) घालून बसवली, खिळा न मारता. काकूंनी सांधा बोटाने चाचपला, त्यांना सापडला नाही. अख्खं घर दिलं, निम्मे पैसे आगाऊ.

मधली वर्षं कामात गेली.

तुम्ही जुनं घर करत असाल तर एवढं ऐका: दिवे शेवटी ठरवू नका, वायरी गिलाव्याआधीच टाका. लाकडाला २७०० केल्विनचा पिवळसर उजेड आणि ९० च्या वरचा सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) हवा, नाहीतर सागवान मेलेलं दिसतं. नक्षीवर उजेड बाजूने सोडा; समोरून टाकला की ती सपाट होते. आणि नवं कपाट कंगणीला भिडवू नका, वीतभर खाली थांबवा. जुन्याची नक्कल तर अजिबात नको.

सध्या काकूंच्या नातीचं घर घेतलंय. पहिल्या दिवशी सगळे दिवे बंद ठेवले. ऊन कुठवर येतं ते सकाळी, दुपारी, संध्याकाळी खडूने जमिनीवर आखलं. मिस्त्रींचा रंधा बरोबर नेला होता.