'गोळी गरम पडली' म्हणण्याआधी

फिटची नवी गोळी सुरू होऊन दहा-बारा दिवस झालेत आणि छाती-पाठीवर बारीक लालसर पुरळ दिसतंय. घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "गोळी गरम पडली." मग सब्जा, गुलकंद, ताक. उन्हाळा असला तर घामोळं म्हणायचं, पावसाळा असला तर डेंगी, आणि लहान मूल असलं तर गोवर म्हणून कडुलिंबाच्या पाल्याची आंघोळ. सब्जाने कुणाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते तोवर गोळी चालू राहते म्हणून.

आधी कुठल्या गोळ्या ते पाहू. फिनायटॉइन, कार्बामॅझेपिन, फिनोबार्बिटोन, ऑक्सकार्बाझेपिन आणि लॅमोट्रिजिन ही मुख्य नावं. दुकानात ती वेगळ्याच नावांनी मिळतात: एप्टॉइन म्हणजे फिनायटॉइन, टेग्रिटॉल आणि मॅझेटॉल म्हणजे कार्बामॅझेपिन, गार्डिनल म्हणजे फिनोबार्बिटोन, ऑक्सेटॉल म्हणजे ऑक्सकार्बाझेपिन, लॅमिटॉर म्हणजे लॅमोट्रिजिन. पट्टीवर मोठ्या अक्षरातल्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं. लक्षात ठेवायचं ते हे बारीक नाव, कारण एका कंपनीची गोळी बंद करून दुसऱ्या कंपनीची तीच गोळी घेतली जाणं अजिबात अवघड नाही. शिवाय ही औषधं फक्त फिटसाठी नसतात. चेहऱ्याच्या नसेच्या कळांसाठी कार्बामॅझेपिन देतात, बायपोलर आजारात लॅमोट्रिजिन देतात, मेंदूच्या ऑपरेशननंतर खबरदारी म्हणून फिनायटॉइन देतात. "मला कुठे फिट येते?" असं म्हणणाऱ्यालाही हे लागू आहे.

या औषधांच्या रेणूत एक सुगंधी कडं असतं (रसायनशास्त्रातलं 'सुगंधी', वासाशी संबंध नाही). यकृत ते मोडताना मधल्या टप्प्यावर एक तापट पदार्थ तयार होतो, असं मानलं जातं. एरवी शरीर तो लगेच निकामी करतं. काहींमध्ये ते नीट होत नाही, तो पदार्थ प्रथिनांना चिकटतो आणि रोगप्रतिकारशक्ती त्यांना परकं समजून अंगावर धावून जाते. काही जनुकांमुळे हा धोका वाढतो. कडं सारखंच असल्यामुळे एकाची ॲलर्जी झाली की दुसऱ्याचीही होण्याची शक्यता मोठी असते. कार्बामॅझेपिनने पुरळ आलेल्यांपैकी साधारण चौघांत एकाला ऑक्सकार्बाझेपिननेही येतं. म्हणून "टेग्रिटॉल सोसलं नाही, एप्टॉइन देऊन बघू" हा बदल धोक्याचा आहे.

ओळखण्यासाठी सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे कॅलेंडर. साधं पुरळ गोळी सुरू केल्यापासून ५ ते १४ दिवसांत येतं. कातडी सोलवटणारा भयंकर प्रकार, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, बहुतेक वेळा ४ ते २८ दिवसांत. यकृत-मूत्रपिंडापर्यंत जाणारा प्रकार, ज्याला डॉक्टर 'ड्रेस' म्हणतात, तो २ ते ८ आठवड्यांत. म्हणजे महिनाभर काही झालं नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. पहिले दोन महिने डोळे उघडे ठेवायचे. उलट तीच गोळी पाच वर्षं सुरळीत चालू असेल आणि आज पुरळ आलं, तर संशय गेल्या काही आठवड्यांत नव्याने घेतलेल्या औषधावर घ्यावा. आणि पूर्वी एकदा त्रास झालेल्या माणसाने तेच औषध पुन्हा घेतलं तर आठवडे लागत नाहीत, काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत सगळं उसळतं. पहिल्या पट्टीवर बॉलपेनने सुरुवातीची तारीख लिहून ठेवा, एवढं पुरतं.

पुरळाचेही प्रकार आहेत. पित्त उठतं तेव्हा गांध्या येतात, खूप खाजतात, आणि एकेक गांधी २४ तासांच्या आत विरून दुसरीकडे निघते. एका चट्ट्याभोवती पेनने रेघ मारा; उद्या रेघेच्या आतली कातडी साफ असेल तर ते पित्त. मात्र ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला तर रेघा मारत बसू नका, लगेच १०८.

साधं औषधी पुरळ दोन्ही बाजूंना सारखं येतं, धडापासून सुरू होतं, खाजतं. ताप नसतो आणि तोंड स्वच्छ असतं. तरीही त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. गंभीर प्रकारही पहिल्या दिवशी असाच दिसू शकतो, त्यामुळे "पुढच्या तारखेला दाखवू" चालत नाही.

गंभीर प्रकाराची खोड अशी, की बऱ्याचदा ताप, घसा दुखणं, डोळ्यांची आग हे पुरळाच्या एक ते तीन दिवस आधी येतं. माणूस त्यासाठी पॅरासिटामॉल आणि एखादं अँटिबायोटिक घेतो. मग पुरळ आलं की दोष त्या अँटिबायोटिकवर जातो, आणि दोन आठवड्यांपूर्वी सुरू झालेली फिटची गोळी नामानिराळी राहते. रोजची झालेली गोळी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

म्हणून पुरळ दिसलं की मोबाइलचा टॉर्च लावून पुढचं बघा. खालचा ओठ बाहेर ओढून आतली बाजू, टाळू, जिभेच्या कडा: फोड, पांढरट साल, रक्ताळलेल्या जागा आहेत का. डोळे लाल, चिकट, उजेड सहन न होणारे आहेत का. लघवीला जळजळतं का, हे स्पष्ट विचारा. मुली आणि वयस्क बायका आपणहून सांगत नाहीत. कातडी खाजण्यापेक्षा दुखते का, भाजल्यासारखी आग होते का. चट्ट्याचा मधला भाग जांभळट-काळपट आहे का. आपल्या सावळ्या कातडीवर लाली ठळक दिसत नाही, चट्टे तपकिरी-जांभळे दिसतात. तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू पाहिली तर लवकर कळतं. फोड फोडून किंवा कातडी घासून 'निघते का' ते घरी करून बघू नका. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा साधारण १ टक्का. सुटलेली कातडी १० टक्क्यांपेक्षा कमी असली तर ते स्टीव्हन्स-जॉन्सन, ३० टक्क्यांच्या वर गेली तर पुढचा, जिवावर बेतणारा प्रकार. एकातून दुसऱ्यात जायला दोन-तीन दिवस पुरतात.

'ड्रेस'मध्ये तोंड तसं ठीक असू शकतं. तिथे सकाळी उठल्यावर चेहरा, विशेषतः डोळ्यांभोवती, सुजलेला दिसतो. ताप ३८ अंश सेल्सिअसच्या म्हणजे साधारण १००.४ फॅरनहाइटच्या वर. मान, काख, जांघेत गाठी लागतात. डोळे पिवळे आणि लघवी काळ्या चहासारखी झाली तर यकृत सुजलंय. रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढतात, म्हणून सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी करताना त्यांचा नेमका आकडा मागावा, सोबत यकृतासाठी एसजीपीटी आणि बिलिरुबिन, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी. पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सुटका होत नाही. यकृताचे आकडे मागाहून चढतात, दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघावे लागतात. पावसाळ्यात डेंगीचा घोळ होणारच. डेंगीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात, इओसिनोफिल वाढणं त्यात बसत नाही.

आता गोळी बंद करायची की नाही? पुरळासोबत ताप, तोंडात फोड, लाल डोळे, सुजलेला चेहरा, दुखरी कातडी यांपैकी एकही असेल तर पुढचा डोस घ्यायचा नाही आणि त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं. घरी बसून फक्त गोळी सोडणं हा अर्धाच उपाय झाला, कारण फिटचं औषध एकदम तुटलं की फिटवर फिट येत राहून जीव जाऊ शकतो. जागा भरायला दुसरं औषध त्याच दिवशी लागतं. बहुतेक वेळा ते लेव्हेटिरासेटाम असतं, कारण ते शिरेतून देता येतं आणि पहिल्याच दिवशी पूर्ण मात्रेत सुरू होतं; जोडीला क्लोबाझाम किंवा लोराझेपाम. यकृत सुजलेलं असताना व्हॅल्प्रोएट हे फिटचं आणखी एक औषध टाळतात, आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांमध्ये ते गर्भाला घातक असल्याने एरवीही टाळतात. अर्थात लेव्हेटिरासेटामही शंभर टक्के निर्धोक नाही: २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेने, त्याच्या आणि क्लोबाझामच्या बाबतीत 'ड्रेस'चा इशारा दिला. असं क्वचित होतं, पण नवी गोळी म्हणजे नवं कॅलेंडर.

हॉस्पिटलला जाताना गेल्या दोन महिन्यांतल्या सगळ्या पट्ट्या न्या, रिकाम्याही. पुड्या, काढे, 'गावाकडचं औषध' हेही. फिटवर म्हणून मिळणाऱ्या अशा पुड्यांत फिनोबार्बिटोन आणि फिनायटॉइन मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणजे तुम्ही बंद केलेली गोळी पुडीतून चालूच राहील. कातडीवर हळद, पाला, टूथपेस्ट काही लावू नका. भाजल्यावर लावतात ते पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिनही नको, त्यात सल्फा आहे. चिकटपट्टी तर नकोच. काढताना कातडी घेऊन येते. तोंडात फोड असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवायला सांगा. कातडी महिन्याभरात भरून येते, डोळ्यातले व्रण मात्र जन्मभर राहू शकतात.

'ड्रेस'मध्ये स्टिरॉइड बरेच आठवडे, कधी काही महिने चालतात आणि फार हळू कमी करतात. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडले तर ताप-पुरळ परत येतं. बरं झाल्यावरही दोन-तीन महिन्यांनी आणि मग वर्षभर अधूनमधून थायरॉइड तपासायचं; तो नंतर बिघडू शकतो.

टाळता येण्यासारखा भाग लॅमोट्रिजिनचा. इथे वेग महत्त्वाचा. मोठ्या माणसाला फक्त हेच औषध देताना पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन ५०, मग टप्प्याटप्प्याने वर. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर ते लॅमोट्रिजिनला शरीरात दुप्पट वेळ अडकवून ठेवतं, म्हणून पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम एक दिवसाआड, पुढचे दोन रोज २५. दुकानदाराकडे २५ ची नाही म्हणून '५० ची घ्या, काय होतंय' हे इथे चालत नाही. आणि गोळी पाचेक दिवस सलग चुकली असेल तर जुन्या मात्रेवर उडी मारायची नाही. डॉक्टरांना विचारून पहिल्या पायरीपासून पुन्हा.

कार्बामॅझेपिनसाठी एक जनुक-चाचणी आहे, एचएलए-बी*१५:०२. २००४ मध्ये तैवानच्या संशोधकांनी या जनुकाचा आणि स्टीव्हन्स-जॉन्सनचा संबंध दाखवला आणि २००७ मध्ये एफडीएने आशियाई वंशाच्या रुग्णांत औषध सुरू करण्याआधी ती करायला सांगितली. भारतीयांत हे जनुक आग्नेय आशियाइतकं नाही, पण आहे. चाचणी आयुष्यात एकदाच लागते. जनुक नाही म्हणून पुरळ येणारच नाही असं मात्र नव्हे.

घडून गेल्यावर करायचं ते एक चिठ्ठी. फिट आलेला माणूस कॅज्युअल्टीत आला की हाताशी असलेलं फिनायटॉइनचं इंजेक्शन टोचणं ही बऱ्याच ठिकाणची पद्धत आहे, आणि त्या क्षणी तो बोलू शकत नसतो. चिठ्ठीत लिहा: कुठलं औषध, किती तारखेला सुरू, कितव्या दिवशी काय झालं, आणि खाली, "फिनायटॉइन, फॉसफिनायटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामॅझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन देऊ नये." मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही. एक प्रत पाकिटात आधार कार्डाला लावून, एक मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर, एक नेहमीच्या औषधवाल्याकडे. सख्ख्या भावंडांना, आईवडिलांना आणि मुलांनाही सांगा, त्यांच्यातही ही शक्यता जास्त असते. घटनेची नोंद डॉक्टर करतात, नाही केली तर तुम्हीही करू शकता: भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४.