जळगावच्या हवेत चार गिटारी: आखाजी ते पोळा

खोली एक, गिटारी चार: प्लायची ड्रेडनॉट (मोठ्या अंगाची, स्टीलच्या तारांची), सॉलिड स्प्रूस टॉपची ड्रेडनॉट, नायलॉन तारांची क्लासिकल आणि भरीव अंगाची (स्ट्रॅट धाटणीची) इलेक्ट्रिक. तारा सुरात लावून बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) माथ्यापासून सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेच्या बुडापर्यंतचं अंतर मोजलं. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) कुठल्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो, काही पात्या एकत्र धरल्या की काम भागतं.

आधी हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारा मीटर) तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओलं करा (विरघळू देऊ नका) आणि मीटरसोबत हवाबंद डब्यात 10-12 तास ठेवा. 75 टक्के दिसायला हवेत. आमच्या मीटरने 70 दाखवले, म्हणून पुढच्या ओलाव्याच्या सगळ्या आकड्यांत 5 मिळवलेले आहेत.

आखाजी (अक्षय्य तृतीया). प्लाय 2.5 मिमी, सॉलिड 2.5, क्लासिकल 4, इलेक्ट्रिक 1.8.

मे मध्य. भर दुपारी ओलावा 22 टक्के, रात्री कूलर लावला की 65. गिटारला मानवतात 45 ते 55. कूलरमुळे गिटार वाचते हा भ्रम आहे. रात्री ओल आणि दुपारी भट्टी, असं रोज चालतं. सॉलिड थेट 2.0 वर आली आणि पहिल्या तीन फ्रेटांवर खरखरायला लागली. प्लाय 2.4, क्लासिकल 3.8, इलेक्ट्रिक जागची हलली नाही.

कारण साधं आहे. सॉलिड टॉप म्हणजे एकाच थराची पातळ फळी. ती रेषांना आडवी आकसते, तिचा फुगवटा बसतो आणि तारा जिथे अडकवतात तो ब्रिजही खाली जातो. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्याने ते एकमेकांना धरून ठेवतात. इलेक्ट्रिकचं अंग भरीव ठोकळ्याचं, त्यामुळे तिथे हा प्रश्नच नाही. मात्र फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली फळी) रुंदीत आकसला की फ्रेटांची टोकं बोटाला टोचतात.

उपाय: भोकं पाडलेली साबणदाणी, त्यात पिळून घेतलेला स्पंज (पाणी ठिबकता कामा नये), गिटारच्या केसमध्ये (पेटीत) हेडस्टॉकजवळ, म्हणजे खुंट्यांच्या टोकाजवळ. केस बंद. मे महिन्यात भिंतीवर टांगायची तर फक्त प्लाय किंवा इलेक्ट्रिक.

मृगानंतर. सॉलिड 3.0. इथेच बरेच जण तारा खाली आणायला सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासतात आणि पुढच्या उन्हाळ्यात कपाळाला हात लावतात. बाराव्या फ्रेटवर 0.5 मिमी कमी करायला सॅडल 1 मिमी घासावं लागतं आणि घासलेलं परत येत नाही. आधी केसमध्ये सिलिका जेल ठेवा, आठवडाभर थांबा. मग नेकचा (मानेचा) बाक मोजा: पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून सातव्यावर 0.2 ते 0.25 मिमी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करायची सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. क्लासिकलला बहुधा रॉड नसतो, आणि तिच्यावर स्टीलच्या तारा चढवण्याचा मोह तर अजिबात नको: नायलॉनचा ताण एकूण 40 किलोच्या आसपास, 12-53 (सगळ्यात बारीक आणि जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) स्टीलचा 70च्या पुढे. ब्रिज उखडतो.

पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याची पहिली गिटार प्लायचीच असावी, असं आमचं मत. सॉलिडचा आवाज मोकळा, पण केस आणि स्पंज यांचा नेम पाळणाऱ्यालाच ती परवडते.

पोळा. सॉलिड 2.6, रॉडला पाव फेरा दिल्यावर. सॅडलला हात लावलेला नाही. पुढची नोंद थंडीत.