माळढोकाच्या वाळवंटात पर्यटक हवेत कशाला?

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात लोकांना पक्षी दाखवायला नेतो, तेव्हा जैसलमेरचा विषय निघतोच आणि कुणीतरी विचारतं, "माळढोक पक्षी दीडशेच्याही खाली आलेत ना? मग तिथलं डेझर्ट नॅशनल पार्क पर्यटकांना बंदच का करत नाहीत?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. बंद करू नये, पण माणसाला लांब थांबवावं, आणि त्यात अजिबात सूट देऊ नये.

आपल्याकडे वाट सोडून वीस पावलं गेलात की कारवीत दिसेनासे होता. थरच्या माळावर आडोसाच नाही. उभा माणूस पक्ष्याला फार लांबून दिसतो. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. ती दचकून उठली की कावळ्या-कोल्ह्यांचं फावतं. विणीचा मुख्य काळ उन्हाळा-पावसाळा आणि गर्दी हिवाळ्यात, हे नशीबच. विणीच्या महिन्यांत पार्कातले सुदासरीसारखे कुंपण घातलेले भाग पूर्ण शांत ठेवायलाच हवेत.

हिवाळ्यातही जीप चाकोरी सोडून उतरली की नुकसान होतं. सांडा हा काटेरी शेपटीचा, पाला खाणारा सरडा थंडीत बिळाचं तोंड आतून मातीने बुजवून झोपलेला असतो. वरून नुसती सपाट जमीन. चाक त्यावरून गेलं तरी ड्रायव्हरला कळत नाही. सेवण गवताचा ठोंब चिरडला की त्याने धरून ठेवलेली वाळूही मोकळी होते.

पण पर्यटक थांबवले म्हणून माळढोक वाचणार नाही. या जड पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, तो विजेच्या तारांवर आपटून मरतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावं लागलं. शिवाय मोकाट कुत्री आहेतच.

आणि ३,१६२ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात गावं आहेत, ढाण्या म्हणजे छोट्या वस्त्या आहेत, मेंढरं आहेत. निर्बंध त्यांनी सोसायचे आणि पर्यटकांचा पैसा जायचा सम गावच्या वाळूच्या टेकड्यांवरच्या तंबूवाल्यांकडे, हे मला पटत नाही. माळ कोळून प्यालेल्या गुराख्याच्या पोरालाच गाइड म्हणून घ्या.

तेव्हा जा, थंडीत जा. गाडी जवळ घ्या म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागू नका. दुर्बिणीतून माळढोक ठिपक्याएवढा दिसला तरी पुष्कळ आहे. आणि जो लांबच गाडी थांबवेल, त्याच्या हातावर शंभर रुपये जास्त ठेवा.