शाशी : मिठाच्या वाटेवरचं गाव

चीनच्या नैर्ऋत्येकडच्या युन्नान प्रांतात जाणारे बहुतेक जण दालीहून थेट लीज्यांग गाठतात. आम्ही मध्येच ज्यानछ्वानला उतरलो, तिथून सहाआसनी व्हॅनने डोंगर ओलांडला आणि खाली भातखाचरांचं सपाट खोरं दिसलं. मधून हेइह्वे नदी. तिचं पाणी पुढे मेकाँगला मिळतं. याच खोऱ्यात शाशी.

सुमारे २१०० मीटर उंचीवरच्या या गावात बाजारपेठ का वसली, ते आजूबाजूचे डोंगर पाहिल्यावर कळतं. पश्चिमेच्या डोंगरांत मिठाच्या विहिरी होत्या. समुद्रापासून इतक्या लांब मीठ म्हणजे धनच. दक्षिणेकडून चहा यायचा, तिबेटकडून घोडे, आणि खोऱ्यात माणसांना भात नि जनावरांना चारा मिळायचा. म्हणून खेचरांचे तांडे इथे मुक्काम करत. जुन्या चौकाभोवतीची घरं अजून तशीच आहेत : पुढे दुकान, वर राहायच्या खोल्या, मागे तबेला.

चौकात शिंगज्याओ मंदिर आहे, १४१५ सालचं, आणि बरोबर समोर नाटकाचा लाकडी रंगमंच. मला सगळ्यात जास्त भिडली ती या मंदिराच्या पंथाची गोष्ट. या खोऱ्यातला मूळचा समाज म्हणजे बाय लोक; ते ज्या तांत्रिक बौद्ध पंथाचे, त्याचं नाव ‘आझाली’. हा शब्द म्हणजे आपला ‘आचार्य’! तो डोंगर ओलांडत, जिभेजिभेवर घासत इथवर पोहोचला. त्या दगडी अंगणात मी बराच वेळ नुसती बसून राहिले.

विसाव्या शतकात मोटाररस्ते आले, ते या खोऱ्याला बगल देऊन गेले आणि बाजार ओसरला. त्यामुळेच जुनी घरं पाडायची कुणाला गरज पडली नाही, पण ती पडायला आली होती. जगातल्या धोक्यात असलेल्या १०० वास्तुस्थळांच्या २००२ च्या यादीत शाशीचा बाजारचौक आला. मग झुरिकच्या तंत्रविद्यापीठाने आणि ज्यानछ्वानच्या प्रशासनाने मिळून डागडुजी केली. मातीच्या भिंती मातीनेच दुरुस्त केल्या, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आता जाणाऱ्यांसाठी. आठवडी बाजार शुक्रवारी असतो, म्हणून गुरुवारी संध्याकाळी पोहोचा आणि दोन रात्री राहा. बाजार आता जुन्या चौकात भरत नाही. डोंगरातले यी आणि खोऱ्यातले बाय लोक भाजी, अवजारं, कोंबड्या घेऊन येतात. सकाळी लवकर जा. नंतर पूर्वेच्या वेशीतून नदीवर उतरा. तिथे युजिन हा एका कमानीचा दगडी पूल आहे. तांडे इथूनच जात.

दुसरा दिवस शिबाओशान डोंगराला द्या. तांबड्या वालुकाश्मात नवव्या ते बाराव्या शतकातली लेणी आहेत. त्यांत नानचाओ या इथल्या जुन्या राज्याचे राजे बसलेले दिसतात, त्यांच्या शेजारी बुद्ध आणि बोधिसत्त्व. एका लेण्यात स्त्रीच्या योनीच्या आकाराची शिळा पुजली जाते. मूल व्हावं म्हणून बायका तिला तेल लावतात, त्याने ती काळीभोर चकचकीत झाली आहे. चढ दमवतो, पाणी बरोबर ठेवा. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, पायवाटा निसरड्या होतात.

शाकाहारींनी ‘वो बू छ्र रोउ’, म्हणजे ‘मी मांस खात नाही’, हे चिनी लिपीत लिहून फोनमध्ये ठेवावं. पण डुकराची चरबी फोडणीला असू शकते, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन तेलाचंही विचारा. भात, टोफू, पालेभाज्या, आणि दुधाच्या पातळ पापुद्र्यांचं ‘रूशान’ चीज मात्र हमखास मिळतं. निघण्याआधीच अलीपे या पैसे देण्याच्या चिनी ॲपवर आपलं कार्ड जोडा, गावातली छोटी दुकानंही फोनवरच पैसे घेतात. गुगलचे नकाशे तिथे भरवशाचे नाहीत, चिनी नकाशा-ॲप घ्या. मुक्कामाला प्रत्येकाचा पासपोर्ट लागतो. रात्री गारठा असतो, उन्हाळ्यातही स्वेटर न्या.

परतीची व्हॅन भरल्याशिवाय सुटत नाही. दालीहून पुढची गाडी गाठायची असेल तर दुपारच्या आतच निघा.