आबांची काठी

माहूरगडाच्या पायऱ्या चढताना आबांच्या हातातली बाजारची काठी घसरली. त्याच दिवशी ठरवलं, त्यांची पुढची काठी मी स्वतः करायची.

आमच्या किनवटच्या बाजूला मानवेल होतो. बारीक, पण जवळजवळ भरीव, म्हणून काठीला तोच. 2017 साली जंगलाबाहेरचा बांबू वनकायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून वगळला, हे बरं झालं. मी आमच्या बांधावरच्या बेटातलाच एक वेळू काढला.

शिकवायला शेजारच्या गावचे बुरूड काका. त्यांनी माझा हिरवागार वेळू बाजूला ठेवला. "हे लेकरू हाय. वाळलं की सुरकुततंय. तीन वर्षांचं बघ." मग जुना वेळू गड्ड्यासकट खणला. गड्डा म्हणजेच मूठ. मुळं छाटल्यावर तिथं ठिपक्यांच्या रांगा उरतात. तिथं सुरी लावायची नाही, असं काकांनी बजावलं.

भुंगा लागू नये म्हणून वेळू पंधरा दिवस पाण्यात बुडवला. नंतर सावलीत वाळवायचा होता, पण मला घाई. उन्हात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी पेरापासून पेरापर्यंत चीर गेली. मला फार वाईट वाटलं. दुसरा वेळू दोन महिने सपरात आडवा टांगून ठेवला, रोज फक्त बघायचो.

बाक काढायला निखाऱ्यावर फिरवत शेकला. ओल बाहेर येऊन चकाकायला लागली की गुडघ्याला लावून दाबायचा आणि ओल्या फडक्यानं गार होईपर्यंत तसाच धरायचा. हात भाजतात, सोडायचं नाही.

नक्षीचं खरं काम सालीवर. वेळूचं बळ बाहेरच्या अंगाला असतं, त्यामुळं सुरी खोल गेली की काठी कमजोर. नुसती वेल कोरायला मला चार दिवस लागले. काकांच्या सुरीखाली पानं भराभर उमटत होती. पेरांवरच्या डोळ्यांपाशी रेघ तुटते, म्हणून तिथं फूल घ्यायचं, ही त्यांची युक्ती. शेवटी जवसाच्या तेलात खललेली काजळी रेघांत भरली नि वरची पुसली. गुळगुळीत सालीवर ती टिकत नाही, कोरलेल्या रेघेत बसते. टोकाला लोखंडी शेंबी ठोकली.

आबांनी काठी हातात घेतली, नक्षीकडं नंतर बघितलं. आधी अंगणात जाऊन सगळा भार टाकला, दोनदा. मग म्हणाले, "बोटभर लांब हाय." शेंबी काढून बोटभर कापली.