नावाआधीचे पाहणे

शाळेने आपल्याला काय दिले, या प्रश्नाला या स्मरणिकेत गणितापासून खेळाच्या मैदानापर्यंत अनेक उत्तरे मिळतील आणि ती सारी खरी असतील. माझे उत्तर असे की शाळेने मला पक्षी पाहायला शिकवले. ते पक्षी दूरच्या अभयारण्यातले किंवा क्वचित दृष्टीस पडणारे नव्हते. व्हरांड्याच्या वळचणीला, पटांगणाच्या कडेच्या झाडांवर आणि पाण्याच्या टाकीजवळच्या ओलसर जागेत ते रोज हजर असत. त्यांच्याकडे पाहण्याची जी सवय तेव्हा लागली, ती पुढे नोकरी, बदल्या आणि संसार यांच्या धावपळीतही सुटली नाही, आणि तिने दिलेल्या आनंदाला तोड नाही.

याचे श्रेय आम्हाला जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांना आहे. कोणी धावत जाऊन "सर, तो कोणता पक्षी?" असे विचारले, तर सर लगेच नाव सांगत नसत. "चिमणीपेक्षा मोठा होता की लहान? चोच कशी होती? जमिनीवर होता की फांदीवर? शेपटी हलवत होता का?" असे ते शांतपणे विचारीत, आणि ज्याला उत्तरे देता येत नसत त्याला पुन्हा पाहून येण्यास सांगत. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा आणि घार हे पाच पक्षी त्यांनी आम्हाला मोजपट्टी म्हणून दिले होते. दुरून कोणत्याही पक्ष्याची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगणे कठीण असते, परंतु तो बुलबुलापेक्षा मोठा आणि साळुंकीपेक्षा लहान होता, एवढे बहुतेकांना सांगता येते. रंगावर फार विसंबू नये, असे ते आवर्जून सांगत, कारण रंग उजेडाप्रमाणे बदलतो. सूर्याकडे तोंड करून पाहिलेला निळाजांभळा शिंजीर नुसता काळा दिसतो. चोचीचा आकार, बसण्याची ढब, शेपटीची लांबी आणि उडण्याची तऱ्हा मात्र अंधूक प्रकाशातही बरेच काही सांगून जातात.

या पद्धतीची सुरुवात आमच्याकडून चिमणीपासून करून घेण्यात आली. चिमणी कोणाला ठाऊक नाही, असे आम्हाला वाटे. पण पाठमोरे उभे राहून नराचे आणि मादीचे वर्णन करा असे सांगितले, की वर्गात शांतता पसरे. मग आम्ही पाहू लागलो. नराचे डोके वरून राखाडी असते, त्याच्या बाजूंना तांबूस तपकिरी पट्टा असतो आणि गळ्याखाली काळा डाग असतो. मादीला यांपैकी काहीच नसते, पण तिच्या डोळ्यामागे फिकट भुवईसारखी रेघ असते. विणीच्या काळात नराची चोच काळी होते, एरवी ती फिकट असते. पिसे नवीन असताना त्यांच्या फिकट कडांमुळे गळ्याचा काळा डाग बराचसा झाकलेला राहतो आणि त्या कडा झिजत गेल्या की तो ठसठशीत होतो, म्हणजे नवा रंग न येताही पक्षी अधिक देखणा होतो. ज्या पक्ष्याला आम्ही जन्मापासून पाहत आलो होतो त्याच्याविषयी इतके जाणण्यासारखे आहे, हे कळल्यावर बाकीच्या पक्ष्यांविषयीचे कुतूहल आपोआप वाढले.

एकाच पक्ष्याची अनेक रूपे ओळखता येणे, हा मला या छंदातला सर्वांत रसाळ भाग वाटतो. विणीचा हंगाम संपला की शिंजीराचा नर आपला झळाळता वेष उतरवतो आणि मादीसारखा पिवळसर दिसू लागतो. गळ्यापासून पोटाकडे गेलेली एक गडद रेघ तेवढी त्याची ओळख सांगते. पाण्याच्या कडेला मान आखडून बसलेला वंचक हा लहान बगळा मातकट रंगामुळे चिखलातून वेगळा काढता येत नाही, आणि तोच उडाला की पांढऱ्याशुभ्र पंखांमुळे दुसराच पक्षी असल्याचा भास होतो. विणीच्या दिवसांत त्याची पाठ गडद तांबडी होते. एरवी पूर्ण पांढरा असणाऱ्या गायबगळ्याच्या डोक्यावर, मानेवर आणि पाठीवर त्या काळात सोनेरी नारिंगी पिसे येतात. कोकीळ नर काळाभोर आणि लाल डोळ्यांचा, तर मादी तपकिरी असून तिच्या अंगभर पांढरे ठिपके व पट्टे असतात. गोड गळ्याची म्हणून जिची वाखाणणी होते ती कोकिळा प्रत्यक्षात त्या सुरात गात नाही, ते गाणे नराचे असते. अशा एकेका पक्ष्याची ओळख वर्षभरात पूर्ण होते, आणि ती पूर्ण होत असताना जो आनंद होतो तो यादीत नवे नाव वाढल्याच्या आनंदाहून माझ्या मते मोठा आहे.

डोळ्यांइतकेच कानांनीही ओळखावे, हेही शाळेतच शिकलो. उन्हाळ्याच्या दुपारी वर्ग चालू असताना बाहेरून एकसारखा टुक टुक असा आवाज येत असे. हा आवाज करणारा तांबट चिमणीहून किंचित मोठा, हिरव्या अंगाचा, कपाळावर आणि छातीवर लाल रंग असलेला पक्षी आहे. तो ओरडताना चोच बंदच ठेवतो, फक्त गळा फुगतो. शिवाय तो मान इकडे तिकडे वळवत असल्याने आवाज नेमका कोणत्या फांदीवरून येतो याचा पत्ता लागत नाही. अशा वेळी आवाजामागे न धावता, झाडाची वाळलेली, उघडी फांदी शोधावी. बहुधा तो तिथेच असतो. शिंपी पक्ष्याचे तर नवल वाटावे. जेमतेम १३ सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी इतक्या मोठ्या आवाजात ओरडतो, की ऐकणारा कितीतरी मोठा पक्षी शोधत राहतो. पानांच्या कडांना भोके पाडून, कापसाच्या वा कोळिष्टकाच्या धाग्यांनी त्या जोडून तो आपले घरटे शिवतो, आणि ते घरटे हाताच्या अंतरावर असूनही दिसत नाही. पहाटे उंच टोकावर बसून गाणारा दयाळ, पावसाच्या सुमारास रात्रीदेखील आवाज चढवत नेणारा पावशा, जमिनीवर पाने उलटीपालटी करीत कलकलाट करणारे सातभाई, हे सारे न दिसताही ओळखता येऊ लागले, तेव्हा सकाळी अंथरुणात असतानाच दिवसाची पहिली यादी तयार होऊ लागली.

उडणाऱ्या पक्ष्यांच्या बाबतीत थोडक्या खुणा पुरेशा असतात. घारीची शेपटी टोकाला दुभंगलेली असते आणि वळताना ती तिला पिळ देते. शिक्रा चारदोनदा पंख मारून तरंगत पुढे जातो. पाकोळी तारेवर कधीच बसत नाही, कारण तिच्या पायांची रचना उभ्या भिंतीला चिकटून राहण्यासाठी आहे. तारेवर बसलेली दिसली तर ती भिंगरी समजावी. पावशा मात्र पाहणाऱ्याला चकवतो, कारण त्याचा रंग, शेपटीवरचे पट्टे आणि उडण्याची रीत ही सारी शिक्र्यासारखी आहेत. फांदीवर बसल्यावर त्याची चोच पाहावी. शिक्र्याची चोच शिकारी पक्ष्याची, आकड्यासारखी वळलेली असते, तशी पावशाची नसते.

पुढे या सवयीमुळे वर्षाचे महिने पक्ष्यांवरून ओळखता येऊ लागले. जूनच्या आगेमागे काळापांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातक पावसाच्या वाऱ्याबरोबर आफ्रिकेकडून येतो. पाऊस ऐन भरात असतानाच, जुलैच्या अखेरीपासून, गुलाबी अंगाच्या पळसमैनांचे पहिले थवे मध्य आशियातून येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. पाऊस ओसरला की धोबी पक्षी येतात, आणि लांब शेपटी सतत वरखाली करीत ओल्या जमिनीवर तुरुतुरु धावतात. त्यांतल्या करड्या धोब्याचे पोट पिवळे असते, त्यामुळे नवख्या निरीक्षकाचा गोंधळ होतो. पाठ करडी आहे, हे पाहिले की तो सुटतो. भर उन्हाळ्यात पाण्याकाठी धोबी दिसला तर तो बहुधा इथलाच कायमचा रहिवासी कवड्या धोबी असतो. कोणता पक्षी कोणत्या महिन्यात संभवतो हे ठाऊक असले, की निम्मी ओळख पाहण्याआधीच पटलेली असते.

साधनांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते, त्यातला पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. रोजच्या पाहण्याला एवढी क्षमता उत्तम. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणावी, एवढे एक जमले की पुरे. त्याहून महत्त्वाची आहे ती वही. आमच्या व्हरांड्यात एक छोटा फळा होता आणि त्यावर पक्षी, वेळ, जागा आणि तो काय करीत होता हे लिहायचे असे. नुसते नाव लिहिलेले सरांना चालत नसे. वेडा राघू त्याच फांदीवर परत येऊन मधमाशी आपटत बसला, ही नोंद कोणा विद्यार्थ्याने केली होती, आणि मधमाशीची नांगी निकामी करण्यासाठी तो असे करतो, हे सरांनी तिच्याच आधारे वर्गात समजावले.

अशा साध्या नोंदींचे मोल आज सर्वांना पटले आहे. भारतातील पक्ष्यांच्या सद्यःस्थितीवर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ८६७ जातींचा आणि २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला, तो प्रामुख्याने हौशी निरीक्षकांनी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवलेल्या याद्यांच्या आधारे. चिमण्या मोठ्या महानगरांत घटल्या असल्या तरी देशभरात त्यांची संख्या एकंदरीने स्थिर आहे, हे पहिल्या अहवालातून समजले. तर तारेवर बसलेला हमखास दिसणारा नीलपंख लक्षणीय प्रमाणात कमी होत आहे, हे दुसऱ्यातून. नीलपंख कधी आणि किती दिसले हे कोणी लिहून ठेवलेच नसते, तर त्याची घट कोणाच्या ध्यानात आली नसती. मला या गोष्टीचे मनापासून महत्त्व वाटते, कारण सामान्य पक्षी कमी होतात तेव्हा कोणाचे लक्ष जात नाही.

म्हणून शाळेला माझी एक विनंती आहे. १९९८ पासून दर फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' नावाची एक पक्षीगणना होते आणि तीत जगभरातील लोक सहभागी होतात. कोणत्याही एका जागी किमान १५ मिनिटे थांबून दिसतील ते पक्षी मोजावेत, एवढीच तिची अपेक्षा असते. शाळा-महाविद्यालयांची आवारेही भारतात या गणनेत भाग घेतात. त्या चार दिवसांत आपल्या आवाराची यादी विद्यार्थ्यांनी करावी, व्हरांड्यातला फळा पुन्हा लावावा, आणि कावळे मोजताना करड्या मानेचा घरकावळा व पूर्ण काळा, जाड चोचीचा डोमकावळा यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवाव्यात. पहिल्या वर्षीच्या गणनेसाठी सकाळी सातला येऊन विद्यार्थ्यांबरोबर थांबण्याची माझी तयारी आहे, आणि माझ्या दोन दुर्बिणी मी शाळेकडेच ठेवून जाईन.