लांब रोटी आणि ‘हाताला गुण’

पालथ्या मडक्यावर भाजायची लांब रोटी रुमालासारखी उतरली की नागपुरात एकच शेरा मिळतो: बाईच्या हाताला गुण आहे. म्हणजे तुम्ही-आम्ही नादी लागूच नये!

गुण उपजत किती आणि सरावाचा किती, हा हिशेब बुद्धिबळात झालेला आहे. गोबे आणि कॅम्पितेली या मानसशास्त्रज्ञांनी अर्जेंटिनाच्या खेळाडूंचा अभ्यास २००७ मध्ये छापला. मास्टरच्या पातळीला पोचायला एकाला सुमारे ३,००० तास लागले, दुसऱ्याला सुमारे २३,०००. काहींनी २५,००० तास घालूनही ती पातळी गाठली नाही. म्हणजे नुसत्या तासांवर सगळं ठरत नाही. पण बुद्धिबळात समोरच्याला हरवावं लागतं. रोटीला कुणाला हरवायचं नसतं, ती फाटली नाही आणि कच्ची राहिली नाही की झालं. एवढं बहुतेकांना जमतं, दिवस कमी-जास्त लागतात. अडतं ते सगळं एकदम शिकायला गेल्यामुळे.

आधी फक्त कणिक. लोकवन गव्हाचं बारीक पीठ कपड्यातून चाळून घ्या. कोंड्याचे कण ताणलेल्या कणकेला आतून कापतात. किलोभर पिठाला तीन-चार चमचे मीठ आणि पाऊण लिटर पाणी, मग हात ओला करत आणखी थोडं. परातीत उचलून आपटायची, ओढायची, दुमडायची, अर्धा-पाऊण तास. लिंबाएवढा गोळा बोटांवर ताणल्यावर पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. त्याआधीच फाटला तर आपटणं कमी पडलंय. इथे बहुतेक जण पीठ वाढवतात आणि घोटाळा तिथेच होतो: कणिक आवरते, पण ताणली जात नाही.

मग ताणणं, विस्तवाशिवाय. थंड मडकं पालथं ठेवा, तळव्यांना पाणी लावा, गोळा या हातावरून त्या हातावर झेलत कोपरापर्यंत येऊ द्या आणि मडक्यावर टाका. काढा, गोळा करा, पंधरा मिनिटं झाकून ठेवा, पुन्हा टाका. लगेच ताणली तर ती आखडते. एका गोळ्यावर पाच-सहा वेळा हात बसवता येतो, पीठ वाया जात नाही. मधे भोक पडत असेल तर बोटांची टोकं टोचताहेत. भार तळहातावर आणि मनगटावर हवा. कडा जाड राहत असेल तर हात मधेच घुटमळतोय.

विस्तव शेवटी. नवं मडकं एकदम मोठ्या जाळावर तडकतं, म्हणून सुरुवात मंद. पाण्याचा थेंब चर्र करून लगेच उडाला की टाका. थेंब रेंगाळला तर रोटी चिकटते. जाळ एका बाजूला गेला तर तिथे करपते आणि दुसरीकडे कच्ची.

उपजत म्हणावी अशी एकच गोष्ट मला इथे दिसते, ती म्हणजे आच सोसणं. तीही निम्मी सवयीची. लांब हातांचा फायदा होतो खरा, पण आखूड हातांनी लहान गोळा घ्यावा, रोटी लहान होईल, सावजी रश्श्याला काही फरक पडत नाही.

अंगात भिनलेल्या हातालाही नागपूरचा मे महिना चकवतो. दुपारी पारा ४५ च्या आसपास असताना कणिक लवकर ढिली पडते; माठातलं गार पाणी घ्या आणि मळल्यावर मुरायला नेहमीच्या अर्ध्या तासाऐवजी पाव तास ठेवा. डिसेंबरात तीच कणिक तासभर मागते.